दूध प्यालेला फोन

जेठाचा महिना लागला की झाशीजवळ, बबीन्याच्या वाटेवरच्या एका गावात आधी विहिरी आटतात, मग म्हशी आटतात, आणि शेवटी माणसांचं बोलणं आटतं. दुपारची भाजणारी लू सुटली की दारं लोटलेली, गुरं कडुनिंबाखाली, आणि कुणी कुणाला हाक मारली तर उत्तर म्हणून नुसता एक हुंकार.

सकाळी मात्र इंदुमतीच्या ओसरीवर बोलण्याला पूर यायचा. चरव्या, डबे, बादल्या घेऊन बायका भिंतीच्या सावलीत रांग धरायच्या. दूधसंघाचं केंद्र होतं तिथे. एक वजनकाटा, दुधाची फॅट सांगणारं एक यंत्र, मोठ्या कॅना, आणि इंदुमतीच्या हातातला फोन. यंत्र आपला आकडा फोनला सांगायचं, फोन तो संघाला कळवायचा, आणि दूध त्या त्या बाईच्या नावावर लागायचं.

"बोल गओ, भौजी?" बाई विचारायची. फोन बोलला का?

"हओ, बोल गओ," इंदुमती म्हणायची. मगच रिकामी चरवी काखेला लागायची.

गावात मराठी घर हे एकच. कधीकाळी दक्खिनेतून कुणी पूर्वज घोड्यावर बसून आला होता. घोडा गेला, तलवार गेली. थोडी जमीन, एक म्हैस आणि उंबऱ्याच्या आतली मराठी तेवढी राहिली. गाव त्यांना अजूनही दखनी म्हणतं. इंदुमती म्हणजे दखनी भौजी. दूधवाला मोटरसायकलवरून यायचा, डब्यात बोट बुडवून मनाला येईल तो भाव सांगायचा, ते दिवस या ओसरीने संपवले होते. म्हणून बायका तिला मानत, आणि मानत म्हणूनच टोमणेही मारत.

गुरुवारी सकाळी ते घडलं. कॅन गळ्यापर्यंत भरत आली होती. वर धरू पाहणारी साय मोडावी म्हणून इंदुमती लांब दांड्याची पळी घेऊन वाकली. पदर खोचलेला, फोनही कमरेलाच खोचलेला. घामाने ओली झालेली कंबर. फोन निसटला आणि दुधाने त्याला चुपचाप पोटात घेतलं.

तिने कोपरापर्यंत हात घातला. फोन वर आला तेव्हा काचेवरून दूध निथळत होतं, आणि त्याआडचा उजेड एकदा थरथरून मिटला.

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. मग कुसमा, जी कुठल्याच प्रसंगी गप्प राहत नसे, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काए भौजी, फोन खों दूध पिबा रईं का? हमाए मोड़ा खों तो पाव भर नईं मिलत!"

पोराला पावभर मिळत नाही, आणि फोनला पाजतेय! हसू फुटलं. इंदुमतीही हसली. तिने कॅनीकडे पाहिलं. "ये दूध अब नहीं जाएगा," ती म्हणाली. "पूरा हाथ गया है इसमें."

"काऊ खों का पतो चलने?" कुसमा म्हणाली. कुणाला कळणार आहे?

"मुझको पता है ना, कुसमा."

कॅन तिने आणि तिच्या नवऱ्याने, अंबरीशने, मिळून गोठ्यापर्यंत ओढत नेली आणि म्हशीच्या दगडी डोणीत रिकामी केली. म्हशीने हुंगलं, फुसकारा टाकला, मान फिरवली. आपलंच दूध प्यायला ती तयार नव्हती. डोणीच्या फटीतून पांढरा ओघळ निघाला आणि तापलेल्या मातीने तो बघता बघता पिऊन टाकला. पहाटेपासून धारा काढलेल्या बायका दारात उभ्या राहून ते बघत होत्या. आता कुणी हसत नव्हतं.

दूध न्यायला आलेल्या गाडीबरोबर संघाचे तिवारीजी होते. खिशाला दोन पेनं, गळ्यात ओला गमछा. त्यांनी फोन दोन बोटांत धरला आणि परत दिला.

"भाभीजी, ऐप इसी हैंडसेट से जुड़ा है. दूसरा लाओगी तो मंज़ूरी ऊपर से आएगी. कब आएगी, वो ऊपरवाला जाने."

"तब तक कागज पे लिख लूँगी."

"सोमवार तक लिख लो. उसके बाद मशीन उठानी पड़ेगी." ते खाली बघत बोलत होते, म्हणजे त्यांनाही ते आवडत नव्हतं. "वैसे भी जेठ में दूध आधा रह गया है. ऊपर कब से कह रहे हैं, इस सेंटर को नहरवाले गाँव में मिला दो."

कालव्याचं गाव ओढ्यापलीकडे. वाटेत झाड म्हणून नाही. म्हाताऱ्या बायांनी डोक्यावर दूध घेऊन तिथवर जायचं, तर पोचेपर्यंत त्याचं दही झालेलं. त्या जाणार नाहीत. मोटरसायकलवाला परत येईल, आणि डब्यात बोट बुडवेल. इंदुमतीला हे सगळं कुणी सांगायला नको होतं. तिने फोन पदराने पुसला, आणि पदराला दुधाचा वास लागला.

*

ओसरीच्या बगलेला पत्र्याचं एक छप्पर होतं, ते अंबरीशचं. तो जळालेल्या मोटारी भरायचा: आतली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायचा. पण विहिरींत पाणी असलं तर मोटारी चालणार, आणि चालल्या तर जळणार. जेठात त्याच्याकडे काम नसे. कोपऱ्यात दोन-तीन मोटारी पोट फाडून पडलेल्या होत्या, आणि त्यांचे मालकही निवांत होते. आता तर लोक म्हणायचे, जुनी भरतोस कशाला भैया, नवीच सस्ती पडते.

त्याने फोन हातात घेऊन उलटसुलट केला. "मी बघतो," तो म्हणाला.

"अहो, मोटर नव्हे ती. आधी बबीन्याला दाखवू."

बबीन्याच्या बाजारात फौजींच्या बायका मुलांना घेऊन आइसक्रीम खात होत्या. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने फोन कानाशी हलवला, मग नाकाशी नेला.

"आंटी, इसमें क्या गिरा है?"

"दूध."

त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. "ओ भैया, सूँघो ज़रा! पानी का आता है, चाय का आता है, ये पहली बार पनीर आया है." आणि इंदुमतीकडे वळून, जरा नरमाईने, "बोर्ड गया समझो, आंटी. दूध जम जाता है अंदर. नया ले लो."

अंबरीशने हात पुढे केला आणि फोन परत घेतला. दोघं बाजारातून बाहेर पडली. छावणीचा रस्ता शांत होता. दोन्ही बाजूंनी चुना फासलेली झाडं, आणि सावली अशी की इंदुमतीला तिथेच बसावंसं वाटलं.

"सूंघो ज़रा म्हणाला," ती पुटपुटली.

"पोरगं आहे."

"मला नाही लागलं ते. तुम्ही हात पुढे केलात ना, तेव्हा त्याने तुमच्या हाताकडे बघितलं. ते लागलं."

अंबरीशने आपला हात पाहिला. वर्षानुवर्षांच्या वॉर्निशने अंगठ्याचं नख काळं, बोटांच्या पेरांवर तारेने पडलेल्या चिरा. त्याने तो हात सायकलच्या मुठीवर ठेवला. "बस मागे," तो म्हणाला. "आज उघडतो त्याला."

*

उघडणं सोपं नव्हतं. मागचं झाकण नखाने निघालं, बॅटरीही निघाली, पण आतल्या स्क्रूंची डोकी चांदणीसारखी, आणि आकाराने मोहरीएवढी. अंबरीशकडच्या पेचकसांत सगळ्यात बारीक होता तोही त्यांच्यापुढे मुसळ. त्याने सायकलचा एक आरा घेतला आणि कानशीवर त्याचं टोक घासत बसला. घासायचा, लावून बघायचा, परत घासायचा. जवळचं दिसेना, तेव्हा आईचा चष्मा मागून घेतला.

त्याची आई, शारदाबाई, घरात सगळ्यांची माई. चष्मा गेल्यावर तिला निवडायला घेतलेली डाळ दिसेना. सूप बाजूला सारून ती भिंतीला टेकली, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून तिने गळा मोकळा केला. जातं घरातून केव्हाच गेलं होतं, पण माईच्या ओव्यांना जातं लागत नसे.

दुधाच्या चरवीत, बुडाला गं माझा राघू
काल बोलत होता गोड, आज कुणासंगं बोलू

"माई!" इंदुमती म्हणाली, आणि इतक्या त्रासातही तिला हसू आलं.

"हस, हस. रडून काय त्याच्या अंगातलं दूध निघणार आहे?"

रेवती, त्यांची मुलगी, झाशीच्या कॉलेजातून आली ती दुपारची. चेहरा लूने लाल झालेला. दप्तर टाकून ती बापाच्या खांद्यावरून वाकली. "बाबा, रुको! असं नाही. मी व्हिडिओमध्ये देखा है. पहले फोटो घ्यायचा, कौनसा स्क्रू कुठे होता."

"मोटारीचे बोल्ट मी डोळे मिटून परत बसवतो."

"मोटर में तो चार बोल्ट असतात, बाबा."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग हात थोडा बाजूला घेतला. रेवतीने आपल्या फोनने फोटो काढला. इंदुमतीने एका ताटलीत पोळीची कणीक थापली, आणि निघेल तो स्क्रू त्या कणकेत टोचायचा, जागच्या जागी, असं ठरलं. अंबरीशच्या जाड बोटांत स्क्रू येत नसत. तो फिरवून सैल करायचा, आणि इंदुमती ओल्या बोटाच्या टोकाने तो अलगद उचलायची. एकदा स्क्रू पडला. तिघंही गुडघ्यांवर बसून शेणाने सारवलेली जमीन चाचपू लागली, आणि तो माईच्या लुगड्याच्या निरीत सापडला.

पाटी निघाली. हिरवी, तळहाताहून लहान, एखाद्या शहराचा नकाशा असावा तशी. आणि तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पिवळट कवड्या धरलेल्या. आंबूस वास घरभर झाला.

"ह्याला पेट्रोलने धुतो," अंबरीश म्हणाला. मोटारीत चिखल शिरला की तो तसंच करायचा.

"पेट्रोल नाही! प्लास्टिक गल जाएगा. स्पिरिट चाहिए."

स्पिरिट गुरांच्या कंपाउंडरकडून आलं. इंदुमतीने दात घासायचा मऊ जुना ब्रश घेतला. बाळाच्या टाळूवरची खपली काढावी, इतक्या हलक्या हाताने ती एकेक कवडी सोडवत गेली. अंबरीश पाटी धरून होता. त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबकळायचा, आणि तो पाटीवर पडू नये म्हणून रेवती मध्येच पुढे होऊन बापाचं नाक ओढणीने पुसायची.

"लहानपणी मी हिचं पुसायचो," तो म्हणाला.

"आता चुप राहा, बाबा. हिलो मत."

*

धुतलेलं सुकवायचं कसं, हे मात्र अंबरीशला कुणी शिकवायला नको होतं. भिजलेली मोटर तो बल्बच्या उबेने सुकवायचा. त्याने एक मोठं मडकं आडवं केलं, त्यात लहानसा पिवळा बल्ब सोडला, आणि पाटी फडक्यावर ठेवून तोंडाशी परात लावली. घटकाघटकाने आत हात घालून तो ऊब बघायचा, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा. वीज यायची, जायची. गेली की तो मडकं पोत्यात गुंडाळून ठेवायचा, ऊब निसटू नये म्हणून.

बायका सकाळ-संध्याकाळ दूध घालतच होत्या. इंदुमती कागदावर आकडे लिहीत होती, पण रांगेतली कुरबुर वाढत होती. "लिख तो रईं, पै ऊपर कौन देखत?" एक म्हणाली. मोटरसायकलवाला दूधवाला शुक्रवारी गावातून उगाच एक फेरी मारून गेला. ओसरीसमोर त्याने गाडी हळू केली. "राम-राम भाभी! सुना है, फोन बीमार है?" आणि हॉर्न वाजवत गेला. कुसमा त्याच्या मागे पाहत राहिली, आणि जमिनीवर थुंकली.

शनिवारी रेवती कॉलेजात, आणि इंदुमती म्हशीच्या चाऱ्यासाठी ओढ्याकाठी गेलेली. हिरवं काही उरलं नव्हतं. बाभळीच्या शेंगा आणि कुठेतरी सावलीला चिकटून राहिलेली हरळी. भारा डोक्यावर घेऊन ती परतली तेव्हा तळपाय भाजत होते. छपराखालून ओळखीचा, उग्र, गोडसर वास आला. वॉर्निशचा.

भारा तिथेच टाकून ती आत गेली.

अंबरीश हसतमुखाने वर बघत होता. पाटी कोरडी ठणठणीत, आणि तिच्यावर पिवळसर चकचकीत थर, दोन्ही बाजूंनी, कुठे रेघेएवढी जागा न सोडता. मोटर भरली, सुकवली, की तिला वॉर्निश पाजायचं, ही त्याच्या धंद्यातली शेवटची पायरी. ती न करता काम हातावेगळं करणं त्याला जमतच नसे.

"आता दुधात पडू दे नाहीतर वेत्रवतीच्या पाण्यात," तो म्हणाला. "थेंब शिरायचा नाही आत."

रेवती आल्यावर फोटो बघून, कणकेतले वाळलेले स्क्रू एकेक सोडवून, फोन परत जोडला. बॅटरी बसवली. बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. अंबरीशने दाबलं, मग रेवतीने, मग इंदुमतीने, अंगठ्याचं नख पांढरं होईतो.

"बाबा, ये चमकीला काय आहे?" रेवतीने झाकण काढून पाहिलं. "तुम्ही इसपे पेंट केला?"

"वॉर्निश आहे ते."

"फोन पे कोण वॉर्निश लावतं?" तिचा आवाज चढला. "मैं बोली थी, मला विचारल्याशिवाय कुछ मत करना! अच्छा-खासा धुऊन, सुकवून..." 

अंबरीश उठला नाही, चिडलाही नाही. माईचा चष्मा काढून त्याने घडी घातली. मग खूप सावकाश म्हणाला, "सवय आहे गं. हात आपसूक डब्याकडे गेला." आणि तो छपराखाली जाऊन त्या पोट फाडलेल्या मोटारींपाशी बसला. पाठ इकडे. त्या वाकलेल्या पाठीवरचा बनियन घामाने चिकटून मणकान् मणका दिसत होता.

इंदुमतीने त्या दिवशी त्याच्या ताटात वाढलं, आणि हाक मारायला रेवतीला पाठवलं नाही, स्वतः गेली. "जेवून घ्या," एवढंच म्हणाली. तो जेवला. आमटीत मीठ नव्हतं आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

*

रविवारी दुपारी लू अशी होती की छपराचा पत्रा आपोआप कडकडत होता. घरात सगळी पडून होती, झोप कुणालाच नव्हती. माई कुशीवर वळली, आणि वाऱ्याला सांगावं तसं गुणगुणली:

लेकाने माझ्या बाई, राघवाला रंग दिला
पंख रंगविता त्याचे, चोचीला गं डिंक आला

"माई, नको ना आता," रेवती म्हणाली.

पण इंदुमती उठून बसली होती. नुसती बसली, समोरच्या भिंतीकडे बघत. मग तिने आपल्या उजव्या हाताचा अंगठा पाहिला. त्या अंगठ्यावर आडवी, जुनी, पांढरी चीर होती. लग्न होऊन आल्यापासून अंबरीशच्या तारांची टोकं तीच खरवडायची. तांब्याच्या तारेवर डोळ्यांना न दिसणारा लेप असतो. ब्लेडने तो खरवडून तार लाल केल्याशिवाय सांधा धरत नाही. नवी नवरी असताना एकदा तिने एक टोक विसरून तसंच ठेवलं होतं. पूर्ण भरलेली मोटर मुकीच राहिली, आणि अंबरीशने अख्खा दिवस दोष शोधला होता.

ती छपराखाली गेली. तो जागाच होता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही टोकं खरवडलीत का?"

"कसली टोकं?"

"फोनची. बॅटरी जिथे टेकते ती. तिथेही वॉर्निश बसलंय ना? मग वीज आत जाणार कशी?"

तो झटकन उठून बसला. मग कपाळावर हात मारला, इतक्या जोरात की कडुनिंबाखालची म्हैस वळून बघू लागली. "इंदू! मी आयुष्यभर लोकांना हेच..."

"ओरडू नका. आणि ब्लेडही घेऊ नका, ते मोटारीचं काम. इथे हलकं पाहिजे."

वॉर्निश पातळ करायचं थिनर होतंच. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला. फोन पुन्हा उघडला. आधी बॅटरीची पितळी टोकं, मग चार्जरचं तोंड, मग सिमची जागा, मग पडद्याची पट्टी जिथे बसते तो सांधा. या वेळी पुसत होता अंबरीश. काडी बुडवायची, ठेवायची, उचलायची. त्या जाड, काळ्या अंगठ्यात ती काडी पिसासारखी हलत होती. पिवळेपणा सुटत गेला, आणि खालून सोनेरी ठिपके उघडे झाले. रेवती मोबाइलचा उजेड पाडून धरत होती, आणि मध्येच म्हणाली, "बाबा, तो बाएं वाला राहिला." आणि थोड्या वेळाने, हळूच, "सॉरी, बाबा."

"कशाबद्दल? वॉर्निश लावलं मी."

"फिर भी."

जोडून झाल्यावर बटण दाबायला कुणी पुढे होईना. शेवटी माईने हात पुढे केला. "आणा इकडे. मला नाही वाटत भीती." तिच्या सुरकुतलेल्या अंगठ्याखाली फोन क्षणभर गप्प राहिला. मग ती दचकली. "अगंबाई! फुरफुरला!"

पडद्यावर उजेड आला. अंधुक, एका कडेला दुधाळ डाग पडलेला, पण उजेड. आवाज मात्र आला नाही. तो दुधातच राहिला. रेवतीने आजीला मिठी मारली. इंदुमती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. अंबरीश म्हणाला, "झाकण नीट बसत नाहीये," आणि मोटारीच्या तारा बांधायची पांढरी सुती पट्टी घेऊन त्याने फोनच्या कमरेला दोन वेढे दिले, आणि गाठ अशी मारली की ती सुटण्याआधी फोन सुटला असता.

बॅटरीत जीव नव्हता. चार्जरला लावला, तर वीज गेली.

*

वीज आली सोमवारी उजाडता उजाडता, आणि थोडाच वेळ राहिली. फोनमध्ये जेवढं भरलं तेवढं भरलं. ओसरीवर बायकांची रांग नेहमीपेक्षा लांब होती. ज्यांची म्हैस आटली होती त्याही आल्या होत्या, नुसत्या बघायला. गाडी आली. तिवारीजी उतरले, आणि त्यांच्यामागे दोर घेतलेला एक माणूस. दोर यंत्र बांधायला आणला होता.

"चालू हो गया," इंदुमती म्हणाली, आणि पट्टी बांधलेला फोन वर धरला.

तिवारीजींनी त्या पट्टीकडे बघितलं. "भाभीजी, ये फोन है कि टूटा हाथ?"

"पहले देख तो लो."

"मुझे क्या, एक एंट्री ऊपर पहुँच जाए, बस."

पहिला नंबर कुसमाचा. तिने चरवी काट्यावर ठेवली. यंत्राने दुधाची चव घेतली, गुरगुरलं, आणि आकडा फोनवर उतरला. इंदुमतीने खाली पाहिलं. आता फक्त पाठवायचं बटण. ते पडद्याच्या अगदी तळाशी होतं, आणि तळाचा तो दुधाळ डाग बोटाला ओळखत नव्हता. तिने दाबलं. पदराने बोट पुसून दाबलं. वरचं सगळं जिवंत, खालची चार बोटं मेलेली.

 अंबरीश एक पाऊल पुढे आला, आणि थांबला. बॅटरीची खूण लाल झाली होती.

"नहीं जा रहा ना?" तिवारीजी म्हणाले. दोरवाला माणूस ओसरीची पायरी चढला.

"ए लला, उतईं ठाड़े रओ!" कुसमाने आपली रिकामी बादली पायरीवर आडवी ठेवली. "भौजी करई तो रईं! तुमाई गाड़ी की का रेल छूटी जात?"

मागच्या बायकाही सरकल्या. ओसरीला जणू लुगड्यांची भिंतच लागली. माणूस तिवारीजींकडे बघू लागला, आणि तिवारीजी गमछ्याने मान पुसू लागले.

एव्हाना सूर्य कडुनिंबाच्या वर आला होता, आणि ऊन थेट पडद्यावर पडलं. इंदुमतीला आकडाही दिसेना. तिने फोन उन्हाआड करायला आडवा वळवला, पोटाशी धरला, आणि त्यावर वाकली. पडदा क्षणभर काळा झाला.  मग अक्षरं आडवी होऊन पुन्हा मांडली गेली, वाड्यातली माणसं बिऱ्हाड हलवतात तशी, आणि बटण डाग सोडून उजव्या कडेला, काचेच्या चांगल्या भागात येऊन बसलं.

तिने बोट टेकवलं.

फोन तिच्या तळव्यात फुरफुरला. तिवारीजींच्या खिशातही काही तरी फुरफुरलं. त्यांनी आपला फोन काढून पाहिला, डोळे बारीक केले, आणि मान डोलावली. "पहुँच गया." मग दोरवाल्याला, "क्या खड़े हो? कॅन उठाओ, धूप चढ़ रही है."

बायकांत गलका उठला. कुणी अंबरीशला म्हणालं, "काए भैया, तुम तो डाक्टर निकरे!" तो लाजून छपराकडे बघू लागला. कुसमा दोन्ही हात कमरेवर ठेवून, लढाई जिंकल्यासारखी सगळ्यांकडे वळून बघत होती.

इंदुमती मात्र अजून पडद्यावर वाकलेली होती. तिने तो फॅटचा आकडा आता नीट वाचला. मग मान वर केली.

"कुसमा."

"हओ भौजी?"

"दूध में पानी डाला है तूने."

गलका थांबला. कुसमाचे कमरेवरचे हात हळूहळू खाली आले. तिने चरवीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं. "जेठ आय, भौजी," ती म्हणाली. "भैंसिया पानी जादा पियत."

आधी माई हसली, आतून, चष्म्याआडून. मग रेवती, मग अख्खी रांग, मग तिवारीजी, गमछा तोंडावर धरून. कुसमा थोडा वेळ रुसून उभी राहिली, आणि मग तीही हसायला लागली, इतकी की तिला पायरीवर बसावं लागलं.

"जो आया है, वही गया है," इंदुमती म्हणाली. "कम नहीं किया, ज़्यादा नहीं किया."

"तो और का?" डोळे पुसत कुसमा उठली आणि तिने पायरीवरची बादली उचलली. "एई लाने तो तुमाए इतै आत हैं." म्हणूनच तर तुमच्याकडे येतो. मग मागे वळून ती पुढच्या बाईवर डाफरली, "अब ठाड़ी का हो? आगे बढ़ो! दूध फटो जात."

इंदुमतीने फोन आडवा धरला, पदर खोचला आणि पुढच्या चरवीसाठी हात पुढे केला.